दिरांचा तक्ता आणि व्हरमाँटमधलं घर

ताई, नमस्कार.
आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांपासून व्हरमाँटमध्ये साउथ बर्लिंग्टनला भाड्याने राहतो. दोन बेडरूमचं अपार्टमेंट आहे, भाडं २,३५० डॉलर. ह्यांची नोकरी एसेक्स जंक्शनच्या चिप कारखान्यात. आठवड्यातून चार दिवस जावंच लागतं. पगार वर्षाला १,०८,०००. हे एच-वन-बीवर आहेत, माझा व्हिसा एच-फोर, कामाची परवानगी अजून नाही. बँकेत ७२,००० साठलेत.
सासूबाई दर रविवारी फोनवर म्हणतात, भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. पुण्याचे माझे दीर आकडेमोडीत हुशार. त्यांनी व्हरमाँटच्या चौदाही काउंट्यांचा तक्ता करून पाठवला. घराची मधली किंमत भागिले कुटुंबाचं मधलं उत्पन्न. त्यात ईशान्येकडच्या एसेक्स आणि कॅलेडोनिया या काउंट्या सगळ्यात परवडणाऱ्या निघाल्या. एसेक्स नाव बघून भाऊजी खूश, कारण ह्यांचं ऑफिस 'एसेक्स'लाच! ते मी समजावलं. मग कॅलेडोनियावर गाडी आली. सेंट जॉन्सबरीला एक घर पाहिलंय, २,१५,००० चं. जुनं आहे, पण वर-खाली मिळून सात खोल्या आणि मागे मोठं आवार. सेंट ऑल्बन्सला साधारण तसंच घर ३,४५,००० ला आहे. आणि एसेक्स जंक्शनला ३,६०,००० मध्ये फक्त दोन बेडरूमचा काँडो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट. हे म्हणतात काँडो. भाऊजी म्हणतात, आकडे खोटं बोलत नाहीत. मी काय करू?
— अ., साउथ बर्लिंग्टन

अ.,

भाऊजींचा भागाकार बरोबर आहे. भाजक चुकलाय. त्यांनी कॅलेडोनियातल्या घराला कॅलेडोनियातल्या लोकांच्या पगाराने भागलं, आणि चिटेंडनमधल्या, म्हणजे तुमच्या आत्ताच्या काउंटीतल्या, घराला चिटेंडनमधल्या लोकांच्या पगाराने. तुम्ही या दोन्हींतले कुणीच नाही. तुमच्या घरात एकच पगार येतो, आणि कुठेही राहायला गेलात तरी तो एसेक्स जंक्शनच्या गेटातूनच येणार. भागायचं तर तिन्ही घरांना त्याच १,०८,००० ने भागा. मग कॅलेडोनिया अजूनच स्वस्त दिसेल आणि भाऊजी म्हणतील, बघा, मी म्हणत होतो. पण थांबा, अंशातही बरंच काही राहून गेलंय.

आधी तुमच्या एसेक्सबद्दल, कारण हा घोळ फक्त पुण्यातून पाहणाऱ्याचाच होतो असं नाही. एसेक्स जंक्शन हे शहर आणि त्याला लागून असलेलं एसेक्स टाउन, दोन्ही चिटेंडन काउंटीत. २०२२ च्या जुलैपासून ही दोन वेगळी झाली, त्यामुळे त्यांचा कारभारही वेगळा. एसेक्स काउंटी मात्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, एका बाजूला कॅनडाची हद्द आणि दुसऱ्या बाजूला कनेटिकट नदीपलीकडे न्यू हॅम्पशायर. २०२० च्या जनगणनेत आख्ख्या काउंटीत सहा हजारही माणसं नव्हती. चिटेंडनमध्ये पावणेदोन लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे राज्याची चौथाईहून जास्त वस्ती. दोन ओळी तक्त्यात एकाखाली एक बसतात म्हणून त्या एका तराजूत तोलता येतातच असं नाही.

दुसरं म्हणजे, काउंटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जिल्हा येतो. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, सगळा लवाजमा. व्हरमाँटमध्ये काउंटीकडे कोर्ट आणि शेरीफ सोडले तर फारसं काही नाही. रस्त्यावरचा बर्फ काढणं, कर गोळा करणं, बांधकामाची परवानगी, शाळेचं बजेट, हे सगळं गावाचं, म्हणजे टाउनचं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी टाउन मीटिंग भरते आणि गावकरी तिथे मतं देतात. त्यामुळे 'अमुक काउंटी परवडते' या वाक्याला तिथे फार अर्थ उरत नाही. लमॉइल काउंटीत स्टो आहे, स्कीइंगसाठी बॉस्टन-न्यूयॉर्कची मंडळी तिथे दुसरं घर घेतात. त्याच काउंटीतलं जॉन्सन अगदी वेगळं. विंडसर काउंटीत एकीकडे वुडस्टॉक आणि नॉर्विच, दुसरीकडे यंत्रांच्या कारखान्यांवर एकेकाळी भरभराटलेलं आणि ते बंद पडल्यावर बसलेलं स्प्रिंगफील्ड. यांची सरासरी काढून जो आकडा येतो त्या आकड्याचं घर त्या काउंटीत कुठेच नसतं. तुमच्या ओळखीचं उदाहरण द्यायचं तर सेंट ऑल्बन्स. सिटी वेगळी, टाउन वेगळं, दोघांचे कर वेगळे. त्या ३,४५,००० च्या घराच्या जाहिरातीत नुसतं 'सेंट ऑल्बन्स' लिहिलं असेल तर ते कुठल्यात मोडतं हे आधी विचारा.

भाऊजींनी आकडे कुठून घेतले ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक जनगणना खात्याच्या वार्षिक सर्वेक्षणातून, कारण काउंटीनिहाय तक्ते सहज तिथेच मिळतात. त्यातली 'घराची किंमत' ही घरमालकाने स्वतः सांगितलेली असते, की माझं घर विकलं तर इतके येतील. शिवाय लहान काउंट्यांसाठी तो आकडा पाच वर्षांची माहिती एकत्र करून काढतात. २०२० नंतर घरून काम करणारे लोक बाहेरून व्हरमाँटमध्ये आले आणि किमती कुठल्या कुठे गेल्या. पाच वर्षांच्या गोळाबेरजेत ती उडी बुजून जाते. प्रत्यक्ष खरेदीखतांवरचे आकडे पाहायचे तर व्हरमाँट हाउसिंग फायनान्स एजन्सीच्या हाउसिंगडेटा या संकेतस्थळावर गावनिहाय मिळतात. फक्त लहान गावात वर्षाला मोजकीच घरं विकली जातात, हे ध्यानात ठेवा. दोन मोठी घरं जास्त विकली गेली की मधली किंमत उडी मारते. आणखी एक गंमत. सरकारी कागदपत्रांत बर्लिंग्टन महानगर क्षेत्र म्हणून जे येतं त्यात चिटेंडनबरोबर फ्रँकलिन आणि ग्रँड आइलही धरलेले असतात. सेंट ऑल्बन्स फ्रँकलिनमध्ये. तेव्हा महानगराचा आकडा काढलात तर सेंट ऑल्बन्स आणि साउथ बर्लिंग्टन यांतला फरक त्यात दिसणारच नाही, आणि तुम्हाला तर तोच पाहायचाय.

आता तुमची तीन घरं. मी प्रत्येकासाठी वीस टक्के रोख, बाकीचं तीस वर्षांचं कर्ज आणि साडेसहा टक्के व्याज धरलंय. तुम्हाला मिळेल तो दर घालून पुन्हा करा.

सेंट जॉन्सबरीचा हप्ता १,०८७ डॉलर. सेंट ऑल्बन्सचा १,७४५. काँडोचा १,८२०. इथपर्यंत भाऊजी जिंकले.

आता गाडी. सेंट जॉन्सबरीहून एसेक्स जंक्शन एका बाजूने पंचाहत्तर मैलांच्या आसपास. सरळ हमरस्ता नाही. आधी रूट २ ने माँटपिलिअर, मग तिथून इंटरस्टेट ८९. चार दिवस, वर्षाचे ४८ आठवडे धरले तर २८,८०० मैल होतात. अमेरिकेच्या आयकर खात्याने गाडीच्या खर्चासाठी धरलेला २०२५ चा दर मैलाला ७० सेंट होता. त्यात पेट्रोल, झीज, विमा, गाडीची घसरती किंमत सगळं आलं. त्या दराने महिन्याला १,६८०. म्हणजे घराच्या हप्त्यापेक्षा गाडीचा हप्ता मोठा. तुम्ही म्हणाल, आमची गाडी जुनी, कमी खाते. बरं, निम्मे धरा, ८४०. तरी कॅलेडोनियात वाचवलेले बरेचसे पैसे रूट २ वर सांडतात. सेंट ऑल्बन्सहून एका बाजूने पंचवीसेक मैल, महिन्याला ५६०. तिथे रेल्वे स्टेशन आहे, पण गाडी दिवसाला एकच आणि तिचा कामावर जाण्याशी संबंध नाही, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका. काँडोहून पाच मैल धरले तर ११२.

आणि हा हिशोब एकाच गाडीचा झाला. सेंट जॉन्सबरीत हे सकाळी सहाला गाडी घेऊन गेले की तुमच्याकडे काय? मुलीची शाळा, किराणा, डॉक्टर. दुसरी गाडी लागणारच. साउथ बर्लिंग्टनमध्ये निदान बस आहे. तुम्ही पत्रात आवाराबद्दल उत्साहाने लिहिलंत, पण दिवसाचे बारा-तेरा तास त्या आवारात एकट्या असाल, जानेवारीत, हेही डोळ्यासमोर आणा. हा पैशाचा मुद्दा नाही, पण मला तो कमी वाटत नाही.

मग ऊब. पुण्यात बसून हे लक्षात येणं कठीण, म्हणून भाऊजींना दोष देत नाही. व्हरमाँटमध्ये पाइपने येणारा नैसर्गिक गॅस फक्त चिटेंडन, फ्रँकलिन आणि ॲडिसन या तीन काउंट्यांत पोचलाय. बाकी राज्य तेल, प्रोपेन, लाकूड किंवा आता हीट पंप यांवर तापतं. सेंट जॉन्सबरीचं ते जुनं सात खोल्यांचं घर हिवाळ्यात सातशे-आठशे गॅलन तेल पिईल, गॅलनला ३.६० धरले तर वर्षाला २,७०० च्या घरात. सरासरी महिना २२५. तळघरात जाऊन तेलाची टाकी बघा. तिच्यावर बसवलेल्या वर्षाची पट्टी असते. पायाच्या दगडांमधून उजेड दिसतोय का पाहा, माळ्यावर इन्सुलेशन किती इंच आहे ते पाहा. घरमालकाकडे मागच्या दोन हिवाळ्यांची तेलाची बिलं मागा. मागितल्यावर बहुतेक जण देतात. जो देत नाही त्याने न देऊनच उत्तर दिलं. सेंट ऑल्बन्सच्या घराला गॅस आहे का तेही विचारून घ्या, काउंटीत गॅस आला म्हणजे प्रत्येक गल्लीत आला असं नव्हे. मी तिथे १३० धरते, काँडोला ८०.

कराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवखा माणूस इथेच फसतो. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की श्रीमंत गावातल्या आणि गरीब गावातल्या मुलांच्या शिक्षणात एवढी तफावत चालणार नाही. तेव्हापासून घरपट्टीचा शाळेसाठीचा भाग राज्याच्या एका पेटीतून फिरतो. पण दर गावागणिक बदलतो. शाळा प्रत्येक मुलामागे किती खर्च करते त्यावर, आणि गावाची जुनी किंमतयादी बाजारभावाच्या किती मागे आहे त्यावर. म्हणून एका गावाचा दर जास्त दिसतो, पण तो जुन्या, कमी किमतीवर लागतो. दरांची तुलना करत बसू नका. बिल मागा. आणि बिल मागताना हे विचारा, की विकणाऱ्याला उत्पन्नाप्रमाणे मिळणारी सवलत त्यातून वजा झालीय का. एखाद्या निवृत्त आजींचं बिल सवलतीनंतर तुमच्या निम्म्यावर असू शकतं. ते बघून तुम्ही घर घ्याल आणि पहिल्याच वर्षी डोळे पांढरे होतील. टाउन क्लार्कच्या ऑफिसला फोन केला की सवलतीआधीचा आकडा सांगतात. तोवर मी किमतीच्या दोन टक्के धरते, निव्वळ अंदाज म्हणून. महिन्याला अनुक्रमे ३५८, ५७५ आणि ६००. हा आकडा स्थिर राहील असंही समजू नका. २०२४ मध्ये शाळेसाठीचा कर राज्यभर सरासरी १३.८ टक्क्यांनी वाढला. गव्हर्नर फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला होता, विधिमंडळाने तो ओलांडून वाढ केली. त्यानंतर २०२५ मध्ये शाळांच्या पैशाची सगळी घडी बदलणारा कायदा आलाय, त्याचे परिणाम टप्प्याटप्प्याने दिसतील.

विमा ११०, १३०, ६० आणि काँडोच्या सोसायटीची वर्गणी ३५० धरली तर महिन्याची बेरीज अशी येते : सेंट जॉन्सबरी ३,४६०, सेंट ऑल्बन्स ३,१४०, काँडो ३,०२२. तुमचं आत्ताचं भाडं, वीज-गॅस आणि येणं-जाणं मिळून साधारण २,५७० होत असेल.

क्रम उलटा झाला ना? अमेरिकेत उत्पन्नाच्या तीस टक्क्यांवर घराचा खर्च गेला की घर जड झालं असं मानतात. भाऊजींनी ऐकला असेल तर तोच नियम. ग्रामीण राज्यात तो अपुरा पडतो, कारण स्वस्त घर आणि पगार यांच्यामध्ये रस्ता असतो. म्हणून घर आणि प्रवास मिळून पंचेचाळीस टक्के, असाही एक ठोकताळा वापरतात. तुमच्या महिन्याच्या ९,००० मध्ये पंचेचाळीस टक्के म्हणजे ४,०५०, तेव्हा तिन्ही घरं नियमात बसतात. पण सेंट जॉन्सबरीचं घर ३८ टक्क्यांवर बसतं आणि त्यात दुसरी गाडी धरलेली नाही.

एक गोष्ट मात्र भाऊजींना आवर्जून सांगा. कॅलेडोनिया 'परवडणारी' निघाली ती तिथे घरं फुकट आहेत म्हणून नव्हे. तिथल्या रुग्णालयात, शाळेत, दुकानात काम करणाऱ्याला ते २,१५,००० चं घरही जड जातं. बर्लिंग्टनचा पगार घेऊन जाणाऱ्यालाच ते स्वस्त वाटतं, आणि अशी माणसं वाढली की तिथल्यांसाठी किमती आणखी चढतात. भागाकारात तेही दिसत नाही.

सेंट जॉन्सबरीच्या बाबतीत नदीही बघा. जुलै २०२३ च्या पुरात माँटपिलिअर आणि बॅरी बुडाली. बरोबर वर्षाने पुन्हा पूर आला, आणि २०२४ च्या जुलैअखेरीला सेंट जॉन्सबरी-लिंडन भागाला तडाखा बसला. व्हरमाँटची गावं नद्यांच्या काठी वसली, कारण गिरण्या पाण्यावर चालायच्या. स्वस्त घर खोऱ्यात असेल तर ते स्वस्त का, हे विचारायलाच हवं. घराच्या साध्या विम्यात पूर येत नाही, त्याचा वेगळा घ्यावा लागतो.

आता तुमच्या पत्रात एका ओळीत आलेली गोष्ट, जी मी पहिल्या ओळीत लिहिली असती. एच-वन-बी. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात फार तर साठ दिवस असतात. चिटेंडनमधला काँडो त्या मुदतीत विकला जाईल असं मी म्हणत नाही, पण तो भाड्याने देता येईल, तिथे भाड्याची घरं मिळत नाहीत हे तुम्ही स्वतः भोगलंय. फक्त सोसायटीच्या नियमांत भाड्याने द्यायला बंदी नाही ना, हे सही करण्याआधी वाचा. त्याच बैठकीत सोसायटीची गंगाजळी किती आणि छपराचं काम कधी काढणार आहेत तेही विचारा, नाहीतर ताबा घेतल्यावर दहा हजारांची नोटीस येते. आणि कर्जाचं म्हणाल तर मे २०२५ पासून तुमच्यासारख्या व्हिसावरच्या, ग्रीन कार्ड नसलेल्यांना एफएचए या सरकारी गृहकर्ज यंत्रणेच्या हमीचं कर्ज मिळत नाही. साधं, म्हणजे कन्व्हेन्शनल कर्ज मिळतं, पण व्हिसाची मुदत आणि नोकरीचे कागद बारकाईने तपासतात. घर बघत हिंडण्याआधी दोन बँकांकडून हे लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर सेंट जॉन्सबरी यादीतून काढा. सेंट ऑल्बन्स आणि काँडो यांत मी तुमच्या ह्यांच्या बाजूने आहे, महिन्याच्या शंभर डॉलरांसाठी नव्हे, तर एका गाडीत भागतं म्हणून. पण आत्ता नाही. काँडोला वीस टक्के म्हणजे ७२,०००, तुमची शेवटच्या पैपर्यंतची शिल्लक, आणि खरेदीचा वरखर्च वेगळाच. रिकाम्या बँकेनिशी, एका पगारावर, व्हिसावर घर घेऊ नका. ह्यांचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर झालं की तुम्हाला कामाच्या परवानगीसाठी अर्ज करता येईल. तोवर भाड्यातच राहा आणि काँडोचा महिन्याचा एकूण खर्च आणि तुमचा आत्ताचा खर्च यांत जो साडेचारशेचा फरक आहे तो दरमहा बाजूला टाका. जमत असेल तर काँडो झेपतो असं समजा. नाही जमलं तर तेही कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं.

सासूबाईंना रविवारी एवढंच सांगा : काँडोच्या पहिल्या हप्त्यातल्या १,८२० पैकी १,५६० नुसतं व्याज असेल. घरात मुरतील ते २६०. पहिली काही वर्षं पाण्यात जाणारा पैसा थांबत नाही, नळ तेवढा बदलतो.

आणि घर घ्याल तेव्हा : १ एप्रिलला त्या घरात स्वतः राहत असाल तर दर वर्षी १५ एप्रिलच्या आत राज्याकडे होमस्टेडचा फॉर्म, एचएस-१२२, भरायचा. खरेदीच्या दिवशी वकील सांगेलच असं नाही. तो राहिला तर दंड लागू शकतो, आणि उत्पन्नावरच्या सवलतीला तुम्ही पात्र असलात तरी ती त्या फॉर्मशिवाय मिळत नाही.